गिरणगावचा कोळसा, मावळचं पाणी

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून सुवेजकडे निघाली. मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेली ही ४११ टनांची बोट. तिच्यात ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. पण तिच्या कोठीत कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, आणि एडनपर्यंतचा प्रवास होता त्याच्या दुप्पट. कमांडर विल्सननं मग जागा मिळेल तिथे कोळसा भरला. डेकवर ढीग लागले, प्रवाशांच्या खोल्या भरल्या, बोट पाण्यात खोल रुतली. अकराव्या दिवशी ती एडनला लागली तेव्हा जेमतेम काही तासांचं इंधन उरलं होतं. सुवेजपर्यंतच्या महिन्याभराच्या प्रवासातले बारा दिवस तर वाटेतल्या बंदरांत निव्वळ कोळसा चढवण्यात गेले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना हा सगळा खर्च उधळपट्टी वाटला. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी मात्र त्यातून दुसराच निष्कर्ष काढला: वाफेवर व्यापार करायचा तर कोळशाचे साठे आपल्या ताब्यातल्या बंदरांत हवेत. नऊ वर्षांनी, १८३९ मध्ये, मुंबईहून गेलेल्या फौजेनं एडन घेतलं. त्यामागे इतर राजकीय कारणं होतीच, पण आगबोटींना कोळसा पुरवण्याची सोय हे त्यातलं मोठं कारण. १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता. कोळशाच्या ढिगासाठी अरबस्तानचा एक तुकडा मुंबई सरकारच्या दप्तरात येऊन पडला, ही गोष्ट शहराच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. ती सांगायला हवी, कारण पुढची शंभर वर्षं मुंबईची अडचण हीच राहिली. या शहराकडे उत्तम बंदर होतं, व्यापाऱ्यांचा पैसा होता, पाठीशी खानदेश-वऱ्हाडचा कापूस होता आणि कोकण-घाटावरून येणारी माणसं होती. जाळायला मात्र काही नव्हतं.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिची चाकं फिरली. यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. बॉयलर विलायती, कारागीर विलायती आणि कोळसाही विलायतीच. वेल्समधल्या खाणीतून निघालेला कोळसा आफ्रिकेला वळसा घालून मुंबईत यायचा आणि तरीही परवडायचा, हे आज अविश्वसनीय वाटतं. त्याचं कारण व्यापाराच्या रचनेत होतं. हिंदुस्थानातून विलायतेला जाणारा माल अवजड होता: कापूस, गळिताची धान्यं, पुढे गहू. उलट दिशेला येणारं कापड किमतीनं मोठं पण आकारानं लहान. येताना जहाजं पुरती भरत नसत, म्हणून ती कमी भाड्यात कोळसा उचलत. म्हणजे वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाण्यातूनच मुंबईच्या बॉयलरला कोळसा स्वस्त मिळत होता. ऊर्जा आणि व्यापार हे दोन वेगळे विषय आहेत असं त्या काळच्या गोदीतल्या कोणालाही वाटलं नसतं.

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या चार-पाच वर्षांत शहरानं एरवीपेक्षा जवळपास ८ कोटी पौंड जास्त कमावले, असा हिशेब त्या काळीच मांडला गेला. सट्टेबाज प्रेमचंद रायचंद, बॅकबे रेक्लमेशनचे शेअर, १८६५ चा बाजाराचा कडेलोट ही कहाणी पुष्कळदा सांगून झाली आहे. इथे त्यातली एकच बाब महत्त्वाची. सट्ट्यात बुडाला तो पैसा बुडाला. जे हुशार होते किंवा ज्यांचं नशीब बरं होतं, त्यांचा पैसा पुढे गिरण्यांत गेला. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेनं ओलांडले होते. १८६९ मध्ये सुवेजचा कालवा उघडला. १८६५ च्या सुमारास मुंबईत दहाएक गिरण्या होत्या. शतक संपताना त्या ऐंशीच्या घरात गेल्या. परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या पट्ट्यात धुराड्यांचं रान उभं राहिलं आणि भोंग्याच्या आवाजावर लाखभर माणसांचा दिवस सुरू होऊ लागला.

या गिरण्यांचं सूत नेसत होतं कोण? मोठ्या प्रमाणात चीन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या त्रासन (सूतकताई) खात्यात निघालेल्या जाड्याभरड्या सुताचा मोठा हिस्सा पेटीबंद होऊन शांघाय-हाँगकाँगला जायचा आणि तिथले विणकर त्याचं कापड विणायचे. धूर परळच्या आकाशात, पोशाख यांगत्सेच्या खोऱ्यात. मालाबरोबर त्याच्यासाठी जाळलेलं इंधनही अदृश्यपणे परदेशी जातं, ही जी गोष्ट आज जागतिक हवामान-वाटाघाटींमध्ये आकडेवारीनिशी मांडली जाते, ती मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष घडत होती.

या व्यापाराचा शेवट कसा झाला हेही बघण्यासारखं आहे. जहाजांची भाडी पी अँड ओ कंपनीच्या मुठीत होती. ती मक्तेदारी मोडायला जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या कंपनीशी हातमिळवणी करून त्यांनी मुंबई-जपान बोटी सुरू केल्या. पी अँड ओनं भाडी इतकी पाडली की टाटांना आपली बोटवाहतूक लवकरच आवरावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली. तिच्या बोटींतून हिंदी कापूस ओसाकाला जाऊ लागला, तिथल्या गिरण्या क्युशू बेटावरच्या जवळच्या कोळशावर चालत, आणि ते सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला मागे सारू लागलं. त्याच १८९३ साली सरकारनं टांकसाळी चांदीला बंद केल्या. रुपया वधारला, आणि चांदीच्या नाण्यांत हिशेब करणाऱ्या चीनला मुंबईचं सूत महाग पडू लागलं. कापूस आपला, बाजार शेजारचा, तरी हातातून गेला. भाडं, चलन आणि कोळसा या तिन्हींत मुंबई कमी पडली.

एव्हाना विलायती कोळशाची जागा बंगालच्या कोळशानं घेतली होती. राणीगंज आणि झरिया इथल्या खाणींपासून मुंबई सुमारे २,००० किलोमीटर दूर. काही कोळसा रेल्वेनं यायचा, पुष्कळसा कलकत्त्याला बोटीत भरून लंकेला वळसा घालून. जवळचा पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले. वर्धा खोऱ्यात वरोऱ्याला सरकारनं १८७० च्या दशकात खाण सुरू केली, तिच्यासाठी रेल्वेचा फाटा टाकला. पण तिथला कोळसा हलका, वाटेतच भुगा होणारा. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली. झरियाला मात्र १८९४ मध्ये रेल्वे पोचली आणि तिथून कोळशाचा ओघ लागला. १९०० साली देशात सुमारे ६० लाख टन कोळसा निघाला; १९१४ साली १ कोटी ६० लाखांच्या वर. चौदा वर्षांत अडीचपटीहून जास्त वाढ. त्यातला तिसऱ्या हिश्शाच्या आसपास खुद्द रेल्वेच जाळत असे. कोळसा वाहण्यासाठी कोळसा लागायचा.

त्या खाणींत संथाळ आणि बाउरी कुटुंबं उतरत. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीनं वाहायची. स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावर बंदी घालायला १९२९ उजाडलं, ती पुरती अंमलात यायला १९३० च्या दशकाची अखेर, आणि दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडताच १९४३ मध्ये सरकारनं ती उठवली. १९४६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. झरियाच्या थरांत जमिनीखाली पहिली आग नोंदली गेली १९१६ मध्ये. उरकण्याच्या घाईत अर्धवट सोडलेल्या बोगद्यांत हवा शिरली, कोळसा आपोआप पेटला, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी तिथल्या आगी धुमसत आहेत. त्या आगीतून ना सूत निघालं ना वीज. निघाला तो फक्त धूर. गिरणगावच्या इतिहासात झरियाचं नाव क्वचितच येतं. यायला हवं.

१८९६ हे साल मुंबईकर विसरणार नाहीत असं होतं. सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचे रोगी सापडले आणि काही महिन्यांत निम्मं शहर गावाकडे पळालं. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये स्वांते अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञानं एक निबंध प्रसिद्ध केला. हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वीचं सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, असा हिशेब त्यानं कागद-पेन्सिलीनं मांडला होता. परळमध्ये त्याची वार्ता पोचण्याचं कारण नव्हतं. पण एक टन कोळसा जळला की साधारण दोन टन कर्बवायू हवेत जातो, आणि त्यातला काही भाग शतकानुशतकं तिथेच राहतो. दावरांची गिरणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. या वाढीत मुंबईच्या गिरण्यांचा वाटा लँकेशायरच्या मानानं चिमूटभर; पण जो आहे, तो अजून हवेत आहे.

लोकांना दिसत होता तो काळा धूर. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी करडं व्हायचं, छातीचे विकार वाढायचे, आणि मलबार हिलच्या बंगल्यांपर्यंत काजळी पोचायची. १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा कायदा झाला. कलकत्त्यात तसा कायदा १९०५ मध्येच आला होता. किती दाट धूर किती वेळ सोडायचा यावर मुंबईच्या कायद्यानं मर्यादा घातली, भट्टी नीट पेटवायला फायरमनला शिकवलं. त्याचा थोडा उपयोग झालाही. पण धूर होतो म्हणून एकही गिरणी कोळशाबाहेर पडली नाही. बदल घडला तो वेगळ्या कारणानं.

त्याआधी विजेनं गिरणगावात एक वेगळाच प्रवेश केला होता. तोवर दिवस मावळला की काम थांबायचं. सूर्य हाच कामगाराचा कायदा. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवून मागण्या केल्या आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा भांडण दिवसांचं होतं. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि मालकांना रात्र वापरायला मिळाली. स्वदेशीची लाट होती, कापडाला भाव होता. पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. गिरण्यांत दंगे झाले, दगडफेक झाली, चौकशी-समित्या बसल्या. अखेर १९११ च्या कायद्यानं पुरुषांसाठी दिवसाचे बारा तास ही मर्यादा घातली. उत्पादन वाढलं ते नव्या ऊर्जेमुळे, असं हिशेबाच्या वहीत दिसतं. त्या वाढीत कामगाराच्या झोपेचे किती तास गेले, याला वहीत रकाना नव्हता.

हे कायदे घडवण्यात मँचेस्टरचाही हात होता. १८७० च्या दशकापासून लँकेशायरचे गिरणीमालक ओरडत होते की मुंबईत लहान मुलं राबवून कापड स्वस्त केलं जातं. मुलांची स्थिती वाईट होती हे खरं. तक्रार करणाऱ्यांना मुलांपेक्षा आपल्या बाजाराची काळजी जास्त होती, हेही तितकंच खरं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा या दोन्ही खऱ्या गोष्टींच्या मिश्रणातून आला. १८९६ मध्ये तर हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला, विलायती कापडाच्या आयातकराला बरोबरी साधणारा. तो जायला १९२५-२६ साल उजाडलं.

कोळशाला पर्याय डोक्यावरच होता. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या आसपास चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो, तो पूर्वेकडे इंद्रायणी, मुळा, भीमा असा वाहत जाऊन कृष्णेला मिळतो. तोच पश्चिमेकडे वळवला तर सरळ कड्यावरून खाली कोकणात पडेल. डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या अभियंत्यानं ही कल्पना मांडली आणि ती जमशेटजींच्या मनात बसली. १९०४ मध्ये ते गेले. त्यांच्या मुलांनी योजना पुढे नेली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बाजारानं आखडतं घेतल्यावर भांडवल इथेच उभं राहिलं, संस्थानिकांनी मोठ्या रकमा घातल्या. फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता अशी तीन तळी बांधली गेली, आणि खोपोलीपर्यंत जाड पोलादी नळ उतरवले गेले. पाण्याची उडी सुमारे १,७२५ फुटांची, म्हणजे जवळपास ५२५ मीटर. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली आलं की एका युनिटाहून थोडी जास्त वीज हाती येते. जुन्या वाफेच्या इंजिनाला तेवढ्या कामासाठी किलो-दीड किलो कोळसा लागायचा, शिवाय तो २,००० किलोमीटरवरून आणायचा.

फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि खोपोलीची वीज मुंबईत आली. मुहूर्त असा लागला की महायुद्ध सुरू होऊन सहा महिने झाले होते. सरकारनं लवकरच व्यापारी जहाजं युद्धकामाला घेतली. कलकत्त्याहून समुद्रमार्गे येणारा कोळसा बंद पडला, सगळा भार रेल्वेवर आला, वाघिणी मिळेनात, कोळशाचा भाव चढत गेला. ज्यांनी टाटांशी करार केले होते त्यांच्या गिरण्या निवांत चालल्या, ज्यांनी थांबून बघायचं ठरवलं होतं ते पस्तावले. युद्धात विलायती कापड यायचं थांबलं होतं, म्हणजे बाजार मोकळा होता आणि भरपूर नफा मिळत होता. अनेक गिरण्यांनी आपली वाफेची इंजिनं काढून टाकली ती या दिवसांत. आंध्र व्हॅली कंपनी १९१६ मध्ये निघाली, तिचं भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झालं. तिसरी कंपनी १९१९ मध्ये काढण्यात आली, आणि तिला हवं होतं मुळशीचं खोरं.

मुळा आणि नीला नद्यांच्या त्या खोऱ्यात पन्नासहून अधिक गावं होती, अकरा हजारांच्या आसपास माणसं. शेती भाताची, आणि भात आंबेमोहोर. गिरणीमालकांना वीज हवी, कंपनीला तळं हवं, आणि जमीन सरकार १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं सार्वजनिक कामासाठी म्हणून घेऊन देणार, असा बेत होता. मावळ्यांना तो मान्य नव्हता. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो माणसं, त्यांत बायका आणि मुलंही, धरणाच्या जागेवर येऊन बसली आणि काम थांबलं. पांडुरंग महादेव बापट इथेच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे, शि. म. परांजपे यांनी लढ्याला वाणी दिली. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’मधून टाटांना आवाहन केलं की कायद्यानं मिळालेल्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोला.

मुळशीचा सत्याग्रह हरला. तो का हरला हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्या नावावर गेल्या होत्या. त्यांना जमीन राहण्यापेक्षा मोबदला चांगला मिळण्यात रस होता, आणि दर वाढवून मिळताच त्यांनी अंग काढून घेतलं. राष्ट्रीय पुढाऱ्यांतही दुमत होतं. वीज म्हणजे स्वदेशी उद्योग, कोळशाची बचत, हजारो कामगारांना रोजगार. अशा कामाला आडवं येणं देशहिताचं आहे का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोक पुण्यातच होते. बापट तुरुंगात जात-येत राहिले, आणि डिसेंबर १९२४ मध्ये धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवण्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झालं. गावं पाण्याखाली गेली.

हरलेल्या या लढ्यानं एक गोष्ट मात्र मांडून ठेवली, आणि ती आजच्या चर्चेत पुन्हा पुन्हा लागते. धूर नसलेली वीज ही कर्बाच्या हिशेबात स्वच्छ असते. जमिनीच्या हिशेबात ती स्वच्छ असेलच असं नाही. खोपोली, भिवपुरी, भिरा या तीन केंद्रांनी शंभर वर्षांत जेवढा कोळसा जळू दिला नाही, त्याचं मोल मोठं आहे. पण त्यासाठी भीमेच्या खोऱ्यातलं दरवर्षी सुमारे ४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सह्याद्री उलटून पश्चिमेला जातं. सोलापूर-पंढरपूरकडे टँकर फिरतात त्या वर्षी हा आकडा विधानसभेत हमखास निघतो.

स्वस्त विजेनं मुंबईचं रूप बदललं. ट्राम १९०७ पासूनच विजेवर धावत होती, पण ती वीज कोळशाची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी सुटली, काही वर्षांत घाटही विजेवर आला, १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ पुण्याकडे धावू लागली. उपनगरं फुगली. पंखे आले, लिफ्ट आल्या, बोलपट आले. कोळसा हटला म्हणून इंधनाची भूक कमी झाली असं मात्र घडलं नाही. खुद्द ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेनं आपल्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला कोळशावरचं वीजघर बांधलं. इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सनं १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं की कोळसा काटकसरीनं वापरणारी यंत्रं आली की एकूण कोळसा कमी नव्हे, जास्त लागतो, कारण स्वस्त झालेल्या ऊर्जेला नवनवे उपयोग फुटतात. मुंबईत नेमकं तेच झालं. पाऊस तेवढाच, तळी तेवढीच, मागणी मात्र वाढत गेली. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक वीजकेंद्र उभं करावं लागलं, नव्यानं आलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. चाळीस वर्षं पाण्यावर चाललेलं शहर परत भट्टीकडे आलं.

आणि इतकी स्वस्त वीज हाताशी असूनही कापडाच्या धंद्यात मुंबई मागे पडत गेली. १९३२ मध्ये निलगिरीतलं पायकारा जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि कोइमतूरमध्ये गिरण्यांची रांग लागली: मजुरी कमी, कापूस दारात, वीज नवी. अहमदाबाद तर कोळशावरच चालत राहिलं आणि तरी पुढे गेलं. ऊर्जा आर्थिक वाढीचं दार उघडते. आत काय घडतं ते मजुरी, यंत्रं, व्यवस्थापन आणि बाजार ठरवतात. मुंबईच्या मालकांनी युद्धातला नफा लाभांश म्हणून वाटला, यंत्रं जुनीच ठेवली. १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपाआधी कितीतरी वर्षं हा धंदा आतून पोकळ होत होता.

आज लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. मुंबईकर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कपडे घेतो. त्यांचं कापड भिवंडीत, इचलकरंजीत, तमिळनाडूत, बांगलादेशात, चीनमध्ये तयार होतं, आणि धूर तिथल्या खात्यावर मांडला जातो. एके काळी मुंबईचं सूत विकत घेणारा चीन आता जगाला माल पुरवतो. जगातल्या कर्बवायूपैकी साधारण पाचवा भाग असा, एका देशात जळून दुसऱ्या देशात वापरल्या जाणाऱ्या मालाचा आहे. हवामान-करारांत मात्र उत्सर्जन मोजलं जातं ते जिथे धुराडं आहे तिथे. परळच्या सुताचा हिशेब या पद्धतीनं मांडला असता तर सगळा कर्ब मुंबईच्या नावावर लागला असता आणि शांघायच्या नावावर शून्य.

युरोपीय संघानं यावर आपला उपाय काढला आहे. बाहेरून येणारं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांवर ते बनवताना जळलेल्या कर्बाइतका आकार लावायचा. ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या नोंदी घेतल्या गेल्या, १ जानेवारी २०२६ पासून आकारणीचा टप्पा सुरू झाला. भारतात यावरची प्रतिक्रिया मुंबईच्या जुन्या गिरणीमालकांना ओळखीची वाटली असती: हवेची काळजी खरी, पण आपल्या कारखान्यांना सांभाळण्याची काळजीही खरी. १८८१ च्या कायद्याबद्दल जे बोललं गेलं तेच आज दिल्ली आणि ब्रुसेल्समधल्या बैठकांत बोललं जातं. तरीही त्या कायद्यानं परळच्या मुलांचे काही तास वाचले होते, हे विसरून चालणार नाही. झरियाचा कोकिंग कोळसा भारतातल्या काही पोलादाच्या भट्ट्यांत अजूनही वापरला जातो. अशा पोलादाच्या निर्यातदाराला आता दर टनामागे किती कर्ब जळला हे युरोपला लेखी द्यावं लागतं. भट्टीतला कोळसा त्यात धरला जातो; १९१६ पासून खाणीत जळत असलेला धरला जात नाही.